एक कोयता, दोन मतं

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, पाथर्डीहून नगरला येणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर एक तरुणी आणि एक ऊसतोडणीवाली बाई बोलत होत्या.

"मावशी, मतासाठी थेट ऊसतोडीवरून आलात?"

"व्हय. मुकादम सोडतच नव्हता. त्याच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हनला, एकट्या नवऱ्याला धाड."

"मग?"

"म्या म्हनलं, कोयता एक आसंल, मतं दोन हायेत. आलो दोघंबी."

"कमाल आहे तुमची!"

"त्ये बघ, पुढं बसलेत. कालपास्नं इचारत्यात, कुणाला दिलं?"

"सांगितलंत?"

"न्हाई गं. उद्यापास्नं फडात पुन्हा एकच कोयता आमी. तेवढं तरी माझं एकटीचं ऱ्हाऊ दे."