घर कुणी दाखवलं?

वहिनी, पोरांनो, कंपनीतले सोबती, आणि फुलंब्रीकडून आमच्या गावाहून आलेली मंडळी,

मला बोलायचं नव्हतं. वहिनींनी निरोप धाडला, "भाऊजी, तुम्ही ह्यांच्या एवढे जवळचे, शोकसभेत दोन शब्द बोला." जवळचा! त्या शब्दानंच जीभ अडते आहे.

काशिनाथ आणि मी एका गावचे. तो बौद्धवाड्यातला, मी पाटलांच्या गल्लीतला. विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल पेटली, तेव्हा त्याचं घर जाळलं. तो इथं पडेगावला आला, वाळूजला फिटर झाला. पुढं मीही त्याच कंपनीत लागलो. रोज एका बाकावर डबा खाल्ला आम्ही.

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यानं पेपर वाचून दाखवला. दक्षिण आफ्रिकेची बातमी होती. तिथं म्हणे, ज्यानं जुलूम केला तो सगळ्यांसमोर बसतो, आणि ज्याच्यावर केला त्याच्या तोंडावर कबूल करतो. म्हणला, "आपल्या गावात करू या का रं असं? मला कोर्ट नको, कचेरी नको. नुसतं कुणीतरी सांगावं."

मी म्हणलो, "करू की! त्यात काय!"

आणि मी काय केलं? सत्कार ठेवला! मारुतीच्या पारासमोर मांडव, सरपंच, शाल, नारळ. ज्याचं ऐकून घ्यायचं, त्यालाच हार घातला. सगळ्यांनी भाषणं ठोकली. झालं गेलं गंगेला मिळालं. म्हणे, जाळणारे बाहेरचे होते. काशिनाथनं माईक मागून घेतला आणि एवढंच विचारलं, "व्हय, बाहेरचे होते. मग त्यांना माझं घर कुणी दाखवलं?"

मीच उठलो. म्हणलो, "चला, चहा घ्या."

परतीच्या एसटीत तो शाल मांडीवर घेऊन बसला होता. म्हणला, "तिकडं आधी सांगणं असतं, मग माफी. आपण माफीच आधी उरकली." शेवटी दवाखान्यात भेटलो, तेव्हाही विचारलं, "गावाकडून कुणी आलं होतं का रं?"

मी होतो की समोर! मी म्हणलो, "नाय."

वहिनी, घर मी दाखवलं. भर दुपारी. पारापाशी ट्रॅक्टरवरून माणसं उतरली, त्यांनी विचारलं, मी बोट केलं. एकोणीस वर्षांचा होतो. भ्यालो होतो, हे खरं. पण नुसताच भ्यालो होतो का, हे छातीवर हात ठेवून आजही सांगता येत नाय. त्याच हातानं मी तुमच्या डब्यातली भाकर खाल्ली. लई लाज वाटते, वहिनी. माफी मागत नाय. ज्याला सांगायचं होतं, तो गेला.

आता उभं राहून दोन मिनिटं शांत राहू. पण गाववाल्यांनो, त्यानंतर लगेच उठून जाऊ नका. त्या दुपारी पारावर मी एकटा नव्हतो. बाकीच्यांनीही बोलावं. आज मी चहा सांगणार नाय.

काशिनाथ, जय भीम.