देवघरातला विलायती म्हातारा

— नाही हो, ऋषी नाहीच तो, मला काय कळत नाही होय? तुम्ही उगीच अवघडू नका, शरदचंद्रजी, आर्ट स्कूलचे मास्तर असलात म्हणून काय झालं, नीट मांडी घालून बसा. हे आंघोळीला गेलेत तोवर सांगते. हे होळकर सरकारच्या नोकरीत होते ना, तेव्हा विलायतेहून आणलं हे चित्र — आल्या दिवशीच म्हणाले, चारशे वर्षांपूर्वी लाकडावर कोरून छापलंय, ख्रिस्ती साधू आहे, पायाशी त्याचा सिंह. सगळं ऐकलं मी. आणि दुसऱ्या दिवशी काच काढून — काचेवरून गंध पोचतं का कधी? — म्हाताऱ्याला गंध लावलं न् बाळकृष्णाशेजारी बसवलं. सासरी मोठा हशा झाला, आमच्या भानुमतीला पाद्री न् ऋषी ओळखू येत नाही म्हणून. हसा, तुम्हीपण हसून घ्या.

आता का केलं असं? — यांना बिलकुल सांगायचं नाही हं. हापिसातून आले की भिंग घेऊन त्या म्हाताऱ्याची एकेक रेघ बघत बसायचे. माझ्याकडे भिंग सोडा, चष्म्यातूनही बघणं नाही. आरतीला तर कधी उभे राहिले नाहीत. पण म्हातारा देवघरात गेला आणि — खैर, काय सांगू — रोज सकाळी माझ्याशेजारी येऊन बसायला लागले. का? तर माझ्या हातून पाणी सांडेल, निरांजन कलंडेल, या धास्तीनं. अठरा वर्षं झाली. जे काय बोलणं होतं ते तेवढ्यात, भाजीचं, गुडघ्याचं, लेकीच्या, उषाच्या पत्राचं. बाकी दिवसभर घरात दोघं, पण मुक्यानं. आता होळकरांचं राज्य जाऊन मध्यभारत झालं, यांना पेन्शन लागली, आणि डोक्यात आलं की चित्र म्युझियमला द्यायचं, म्हणून तर तुम्हाला पारखायला बोलावलंय. म्हातारा गेल्यावर माझ्यापाशी कशाला बसतील हो ते? मला फार भीती वाटते.

म्हणून म्हणते, लिहून द्या, बाईनं गंध लावून लावून चित्र वाया घालवलं. खोटं कुठंय? हे पायापाशी बघा कसं झिजलंय — काय? हे माझं नाही? शेकडो वर्षांपूर्वीचं? रोज कुणी हात लावायचं म्हणून? आणि हे पिवळे ठिपके मेणाचे? अग बाई, मतलब तिकडंही कुणी बाई मेणबत्ती लावून बसायची याच्यापुढं. तिच्या घरीही असेच कुणी भिंगवाले असतील — अच्छा, अशा खुणा असल्या की म्युझियमला आणखीच हवं? नका हो असं करू. काहीच नका लिहू — न्हाणीघराची कडी वाजली. उठा, शरदचंद्रजी, त्यांच्या पाटावर बसलायत तुम्ही.