लेनर्डच्या दंडातली ताकद

—अहो नाही, अपघात कसला! झिजलाय खांदा. आतला दोर फाटलाय म्हणतात, तो शिवायचा. चौतीस वर्षं कारखान्यात पत्रा दाबायच्या यंत्रापाशी उभा होता आमचा लेनर्ड, आणि उरलेला जन्म त्या गाडीच्या स्टिअरिंगला लोंबकळत काढला — मग काय होणार? आत नेऊन तास होऊन गेला. तुमची मिसेस गुडघ्यासाठी ना? गुडघा सोपा असतो हो. नाही, खरंच, माझ्या बहिणीचे दोन्ही झाले, आता पोल्का नाचते. घ्या, बिस्कीट घ्या, घरचं आहे, आत जर्दाळूचा मुरंबा आहे. मी काळजीत असले की भाजत बसते. पहाटेपासून साठ केलीत.

गाडी म्हणजे — ती बघा खिडकीतून, हिरवी, लांबलचक नाकाची — हो, शेव्हेल, एकोणसत्तरची. बरोबर ओळखलंत. पुरुषमाणूस चटकन ओळखतो, लग्नाचा वाढदिवस मात्र आठवत नाही. इंजिन असं की सुरू केलं की शेजारच्या घरातल्या बश्या वाजतात. आणि स्टिअरिंग? स्टिअरिंग म्हणजे ओल्या सिमेंटमध्ये फावडं फिरवावं तसं. रस्त्यावर धावताना ठीक, पण उभ्या उभ्या वळवायची म्हणजे मल्लाचं काम. लेनर्डचे सगळे मित्र हळूहळू शहाणे झाले, आपापल्या गाडीला पॉवर स्टिअरिंग लावून घेतलं. हा एकटा नाही! "बर्नडीन, गाडी दंडानं चालवायची असते. बोटांनी पियानो वाजवतात." एक्केचाळीस वर्षं हे वाक्य ऐकलंय मी. आणि त्याला जोडून दुसरं — "तुला नाही झेपायची ती." एक्केचाळीस वर्षं शेजारच्या सीटवर, मांडीवर पिरोगीचं, म्हणजे आमच्या उकडलेल्या करंज्यांचं, भांडं घेऊन.

तर दोन वर्षांपूर्वी खांदा धरला. रात्री कुशीवर झोपवेना, शर्ट मी घालून द्यायचा, पण गाडी काढायची म्हणजे काढायचीच. दात आवळून वळवायचा, घाम फुटायचा, आणि मला सांगायचा, "आज हवा दमट आहे." डॉक्टर म्हणाले, शिवावं लागेल, एप्रिलची तारीख देतो. हा टोपी शोधायला लागला. कारण याचा थोरला भाऊ कॅझिमिर — साधं हर्नियाचं ऑपरेशन, आणि टेबलावरच — असो. तुमची मिसेस आत आहे, मी कुठे हे बोलत बसले. गुडघ्यात तसं काही होत नाही.

मग मी काय केलं — आणि हे मी कुणाला सांगितलेलं नाही, फादरना सुद्धा नाही — फेब्रुवारीत लेनर्ड चार दिवस उत्तरेकडे गेला, तळ्यावर, बर्फाला भोक पाडून मासे धरायला. मासे कसले, बिअर. तो गेला आणि मी माझ्या मामेबहिणीला फोन केला. रोझेला तिचं नाव. गाड्यांचं काम करते, मनगटं अशी की लोणच्याची कुठलीही बरणी उघडते. म्हटलं, रोझेला, पॉवर स्टिअरिंग बसव, पण त्याला कळता कामा नये. ती म्हणाली, "वेडी आहेस का? पंप लागतो, पट्टा लागतो, नळ्या लागतात, बॉनेट उघडलं की पहिलं तेच दिसेल." मग स्वतःच डोकं खाजवत म्हणाली, "विजेवरचं मिळतं एक. डॅशबोर्डच्या खाली, स्टिअरिंगच्या दांड्यावरच मोटर. डब्याएवढी. वरून काही दिसत नाही." आणि लेनर्ड डॅशबोर्डखाली वाकणार कसा? एक तर खांदा, दुसरं पोट. तीन दिवसांत बसवलं तिनं. वायरसुद्धा जुन्या वायरींच्या जुडग्यात लपवली, वर काजळी फासली. कलाकार आहे हो!

आणि त्याला एक बटण येतं. गोल, शेगडीचं असतं ना, तसं. त्यावर दहा खुणा. शून्यावर मदत बंद, दहावर एका बोटानं गाडी फिरते. ते आम्ही ॲशट्रेच्या मागं बसवलं. लेनर्डनं सिगारेट अठ्ठ्याऐंशी साली सोडली, ॲशट्रे कशाला उघडतोय! — हां, तुमच्या लक्षात आलं वाटतं. हसलात म्हणजे आलंच. एकदम दहावर नेलं असतं तर चोरी पकडली गेली असती ना? म्हणून दर सोमवारी एक खूण. एकच. आणि रोज रात्री त्याच्यापुढं बीटाच्या सूपचा वाडगा. म्हटलं, माझ्या आजीचा उपाय आहे, सांध्यांना वंगण मिळतं. आजीचा कसला उपाय, ती बिचारी स्वतः काठी घेऊन चालायची!

आणि लागू पडलं की हो! दुसरी खूण, तिसरी खूण — लेनर्ड शीळ घालत घरी यायला लागला. चर्चच्या हॉलमध्ये शुक्रवारच्या माशांच्या जेवणाला उभं राहून सगळ्यांना दंड दाखवला. म्हणे, "चेस्टर, हात लाव. बीट! नुसतं बीट!" चेस्टर डुडेकच्या बायकोनं माझ्याकडून कृती लिहून घेतली. मी दिली. काय करणार? वर म्हटलं, शेपू विसरू नकोस.

आता एक गोष्ट — म्हणजे हे सांगायला नको, पण तुम्ही परके आहात, बरं वाटतं — कधीकधी बटण उलटंही फिरायचं. सूप अळणी आहे म्हणाला, एक खूण मागे. माझ्या बहिणीला वाचाळ म्हणाला, दोन मागे. ईस्टरच्या दिवशी पाहुण्यांसमोर "बर्नडीनला नकाशा उलटा धरला तरी कळत नाही" म्हणाला, त्या दिवशी सरळ एकवर. घरी परत येताना असा धापा टाकत होता! मी विचारलं, दुखतंय का रे? तर, "हवा दमट आहे."

आणि गुरुवारी तो बोलिंगला जायचा ना, चेंडू घरंगळवून लाकडी खुंट्या पाडतात तिथं, हा नुसता बघायला, मित्राच्या गाडीतून, तेव्हा मी — नाही, काही नाही. — बरं, आता तोंडातून गेलंच आहे तर. मी चालवायचे. दहावर ठेवून. नदीकाठच्या रस्त्यानं, काचा खाली, डोक्याला रुमाल. आधी नुसती गल्लीतून, मग पुलापर्यंत, मग पुलापलीकडे. चार वाजता तो यायचा, मी पावणेचारला गाडी जागेवर. मे महिन्यापासून तर तो पाचशिवाय येईनासा झाला, माझं फावलंच. आता तुम्ही विचाराल, बर्नडीन, हे सगळं त्याच्या खांद्यासाठी केलंस की — हो, खांद्यासाठीच! — बहुतेक खांद्यासाठी. निम्मं तरी धरा.

पण फासे उलटे पडले. एप्रिलमध्ये ऑपरेशनच्या आधी चार दिवस हा जेवताना म्हणतो, "मी फोन करून रद्द केलं. खांदा बरा झाला." माझ्या हातातला डाव तसाच हवेत. म्हटलं, बरा कसा होईल? तर म्हणतो, "का? तूच म्हणालीस ना, वंगण मिळतं? गाडी बघ कशी वळवतो मी!" आता बोला! खोटं आहे म्हणावं तर बटण बाहेर पडतं, गप्प राहावं तर खांदा फाटत जातो. माझ्याच सुपात मी बुडाले. मे गेला, जून गेला. जुलैत शिडी लावून गॅरेजच्या पन्हळीतली पानं काढायला चढला. उजवा हात वर धरला, हात गेला. वरून सरळ माझ्या फुलझाडांत. झाड होतं म्हणून, नाहीतर खाली फरशी आहे हो. मी धावत गेले, तर पानाफुलांत उताणा पडून म्हणतो, "शिडी डगमगीत आहे." पांढराफटक चेहरा. त्या रात्री मला झोप नाही. मला कॅझिमिर आठवत होता, आणि त्याच्या शेजारी हाही.

मग ऑगस्टात जुन्या गाड्यांची मिरवणूक असते आमच्याकडे. नदीकाठानं यायचं आणि चर्चच्या मागच्या पटांगणात एकेक गाडी उलटी घेत रांगेत लावायची. सगळं गाव घडीच्या खुर्च्या टाकून बघायला. त्या दिवशी सकाळी मी गॅरेजमध्ये गेले आणि बटण शून्यावर आणलं. म्हटलं, देवा, याला दुखू दे, पण कळू दे. आणि पटांगणात काय झालं — नको वाटतं सांगायला. अर्धी वळली आणि अडकली. आडवी, सगळ्यांच्या पुढं. मागं अकरा गाड्या. तो ओढतोय, एकदा, दोनदा, मानेच्या शिरा फुगल्या, डावा हात लावला, मग छातीनं रेटलं. कुणी हसत नव्हतं आधी. मग चेस्टर ओरडला, "काय लेनर्ड, सूप संपलं का?" आणि सगळे हसले. मी त्याच्या शेजारी बसले होते. हात लांब केला असता तर पोचला असता ॲशट्रेला. नाही केला. त्यानं स्टिअरिंग सोडलं आणि इतकंच म्हणाला, "बर्नडीन, डॉक्टरांना फोन कर."

रडले मी घरी येऊन. बाथरूममध्ये, नळ सोडून.

आणि आज पहाटे डोळे उघडताच — म्हणून तर मी साठ बिस्किटं भाजली, ऑपरेशनची काळजी वेगळीच — आज म्हणतो, "आपल्याच गाडीनं जाऊ. तू चालव." एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा! किल्ली माझ्या हातात. मी मुद्दाम चाचपडल्यासारखं केलं, आरसा कुठे, ब्रेक कुठला, सगळी नाटकं. बटण शून्यावरच होतं ना अजून, त्याच्यादेखत कशी फिरवणार? गल्लीच्या तोंडाशी वळताना माझ्या काखेत कळ आली. तर हा शेजारी बसून, डोळे मिटलेले, शांतपणे म्हणतो, "सातवर घे. उगाच तुझाही खांदा जायचा."

सातवर! आकडासुद्धा माहीत! मी गाडी थांबवली नाही, थांबवता येईना, मागं कचऱ्याची गाडी होती. इथं पोचलो तर दारातच त्याला चाकाच्या खुर्चीत घातलं आणि नेलं. विचारायला मिळालंच नाही, कधीपासून? तेच डोक्यात घोळतंय. कारण बघा, एप्रिलच्या आधीपासून माहीत होतं, तर मग ऑपरेशन रद्द करताना माझंच खोटं माझ्या तोंडावर मारलं त्यानं. घाबरला होता, आणि लपायला माझं सूप सापडलं. मी त्याला फसवतेय, तो मला — सहा महिने एका टेबलावर जेवत होतो हो आम्ही! आणि पटांगणात? पटांगणात तर त्याचाही हात पोचत होता ॲशट्रेला. एक बोट आत घातलं असतं तर गाडी लोण्यासारखी वळली असती, चेस्टरचं तोंड बंद. नाही घातलं. सगळ्या गावासमोर हसं करून घेतलं, कारण — कारण त्याला कळलं होतं ना, बटण शून्यावर कुणी आणलं आणि का.

थांबा. ही नर्स इकडेच येतेय. — हो, मीच मिसेस साडोव्स्की. — झालं? नीट झालं? शिवला सगळा? देवा! — शुद्धीवर आहे? बडबडतोय? काय बडबडतोय? — या गृहस्थांसमोर सांगा, चालेल, यांना सगळं माहीत आहे. — बटणाचं? तुम्हाला सांगितलं? सगळ्या नर्सना? अगं बाई. बरं मग कधीपासून, ते म्हणाला का? — पहिल्या दिवसापासून? तळ्यावरून आला त्याच दिवसापासून? ॲशट्रेवर काजळीची बोटं दिसली? मग तेव्हाच का नाही — काय? परत सांगा.

"बायको इतकी खूश दिसत होती, की बोलवेना."

...

नाही, मी ठीक आहे. बिस्कीट हातातून पडलं, एवढंच. — भेटायला? आता? नाही, त्याला सांगा मी घरी गेले. सांगा, रागावून गेली, गाडी घेऊन गेली, पुलापलीकडे. दहा मिनिटं तळमळू दे जरा. — थांबा, नको. कुठली खोली? डावीकडे? पाच मिनिटं बास झाली त्याला. अहो, माझी पर्स सोडा, पट्टा तुमच्या पायाखाली आलाय. आणि हसता काय असे? जे ऐकलंत ते विसरा. बिस्किटं खा, आणि तुमच्या गुडघ्याकडे बघा.