कामाचं होते कसंबी

(सकाळ. गाईचा कोठा. कवडू गाईखाली बसून दूध काढायला बघतोय. सून रश्मी वासरू धरून उभी आहे.)

रश्मी : असं नाई मामाजी, एवढी मूठ नका आवळू. लाथ मारीन गाय. उठा, मी काढतो दूध.

कवडू : तूच काढशीन तं मी कवा शिकीन?

रश्मी : पण कायले शिकता? मी हाओ ना.

कवडू : रविवारी तिगाववरून पाहुणे येऊन राहिले. तुले पाहाले.

रश्मी : मले?

कवडू : पोरगा बेस हाये. त्याची बायको बाळंतपणात गेली. घरी माय हाये, बगीचा हाये. मीच निरोप धाडला. तुह्या बापाशी बी बोललो.

रश्मी : अन मले नाई विचारलं? तुमच्या पोराले जाऊन वर्ष बी नाई झालं, मामाजी.

कवडू : मंगेश तं आता येत नाई, पोरी.

रश्मी : कोठा कोण झाडीन? आत्याबाईच्या हाताले खराटा धरवत नाई. कापूस फुटून राहिला. संत्र्याले पाणी द्या लागते...

कवडू : पाणी मी देतो.

रश्मी : मोटरीपाशी बिलकुल नाई जाचं तुमी!

कवडू : अन तू जाशीन? रोज पाहून राहिलो मी. बटन दाबाच्या आंधी तू डोये मिटते. मोटर चालू झाली का भिंतीले टेकून उभी राहते. ज्या मोटरीच्या करंटनं माहा पोरगा गेला, तिथंच मी त्याच्या बायकोले रोज धाडतो. भाकर गिळवत नाई मले.

रश्मी : तार नवी टाकली ना आता. काई होत नाई.

कवडू : मंग डोये कायले मिटते?

रश्मी : वासरू लावतो मी परत. गाय पान्हा चोरून राहिली.

जयवंता : (रश्मीची सासू, कोठ्याच्या दारात येऊन) काय चाललं वं? आंगण तसंच पडलं, चुलीवर पाणी आटून गेलं, अन सासरा-सून कोठ्यातच बसले!

कवडू : ये, मंगेशची माय. सांगतलं मी तिले.

जयवंता : मी नाई मनलं होतं ना तुमाले!

कवडू : मनलं होतं.

जयवंता : मंग? माहे हात असे, तुमचे गुडघे तसे. कोण करीन एवढं?

कवडू : संत्र्याचा बगीचा मक्त्यानं देऊ दुसऱ्याले. कामाचं होते कसंबी.

रश्मी : आत्याबाई बरोबर मनून राहिल्या. मी नाई जात कुठं.

कवडू : पंचवीस वर्षाची पोरगी काय शेण काढासाठी ठेवाची घरात? बोल ना, मंगेशची माय. तुही लेक असती तं ठेवली असती?

जयवंता : शेणासाठी नाई वो! काम गेलं खड्ड्यात. पहाटे रश्मी इथं बादली वाजवते, तं मले झोपेत वाटते, दोघं उठले. हे कोठ्यात हाये, मंगेश बाहेर दात घासून राहिला. थोडा वेळ खरंच वाटते. हे बी गेली तं मले उठवाले काय राहीन? भिंतीवरचा फोटो?

रश्मी : मले बी वाटते, आत्याबाई.

जयवंता : काय?

रश्मी : का ते येतीन मनून. सांजच्याले त्यायच्या वाट्याची भाकर टाकतो मी. मंग सकाऊन गाईले चारतो. तुमाले दिसू नाई मनून.

जयवंता : रोज?

रश्मी : रोज.

जयवंता : अन मी तुले बोलली, पीठ कसं सरते एवढ्या लवकर... माय वं.

रश्मी : रडू नका ना तुमी.

जयवंता : मी म्हातारी हाओ, पोरी. मी असेच दिवस काढले तं चालते. तुहं लय आयुष्य हाये. तू नको अशी जगू. रविवारी निळी साडी नेसजो. लग्नातली नको काढू, ते मले पाहवणार नाई.

रश्मी : मी पाहुण्यायले नाई मनीन.

जयवंता : मनजो. पोरगा पटला नाई तं तोंडावर नाई मनजो. पण गाईसाठी नाई मनू नको. आमच्यासाठी तं बिलकुल नको.

कवडू : आता कसं बोलली.

जयवंता : तुमी चूप राहा जरासे.

रश्मी : अन आत्याबाई, पुढं जमलंच... तिथं कोणी विचारलं, पहिला कसा होता, तं काय सांगू?

जयवंता : काई नको सांगू. तिथं मंगेशचं नाव नको काढू, त्या पोराच्या मनाले लागीन. लयच आठवण आली, तं इकडं येजो. इथं बोलू आपण.