लिमिट संपलंय, मामा

मनूचं कार्ड मोकळं होतंय म्हणे पुढच्या महिन्यात, मंग पूजाचा फ्रिज त्याच्यावरच घेऊ की, असं मामी आईला म्हणाली आणि मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, ओली ओढणी हातात तशीच राहिली. मनू म्हणजे मी, मनाली. मामी नांदगावहून लग्नाच्या खरेदीला आमच्याकडे आली होती, पूजा तिची मुलगी, माझी मामेबहीण. आईनं काय उत्तर दिलं ते कळलंच नाही, नेमकी कुकरची शिट्टी झाली. पण काय सांगू तुम्हाला, पहिला राग मला आईचाच आला, कारण कार्डाचं मी फक्त तिलाच सांगितलं होतं.

सुरुवातीपासून सांगते, नाहीतर मामा तुम्हाला वाईट वाटतील, आणि ते तसे नाहीत.

मी नाशिकचीच, सिडकोत वाढले. पप्पा सातपूरला कंपनीत, पण परमनंट कधी झालेच नाहीत. मला इंग्लिश मीडियमला घालायची हौस मामांची. नांदगावला त्यांचं कटलरीचं दुकान, बांगड्या, टिकल्या, प्लास्टिकचे डबे, असं. त्या गल्ल्यातून त्यांनी माझं डोनेशन भरलं, पहिली काही वर्षं फीसुद्धा. सुट्टीत गेलं की गिऱ्हाइकांसमोर उभं करायचे, म्हणायचे, बोल गं मनू कायतरी इंग्लिशमधी. मी गप्प. मग तेच सांगायचे, लय हुशार हाय, फक्त लाजती. मराठी आकड्यांची तर माझी पंचाईतच, एकोणऐंशी म्हणजे किती गं, असं कुणीतरी मुद्दाम विचारायचं आणि सगळे हसायचे. मामाही हसायचे, पण नंतर खाऊला पैसेही तेच द्यायचे. तर मी अशी, ऐकणारी. बघत बसणारी. आणि पैशाचं बोलणं आमच्याकडे मोठ्यांनीच करायचं.

मग अंबडला नोकरी लागली, परचेस डिपार्टमेंटला, आणि पगार सुरू झाल्या झाल्या बँकेनं क्रेडिट कार्ड दिलं. मामांना कोण कौतुक! त्या दिवाळीत फोन, मनू, तुझ्या कार्डावर टीव्हीला सूट हाय म्हणतोय दुकानदार, मी तुला महिन्याच्या महिन्याला देत जाईन. मी डबा खात होते, कार्डाचा नंबर सांगितला, मग मोबाईलवर ओटीपी आला, तोही सांगितला. झाला टीव्ही. पुढच्या वर्षी दुकानाला इन्व्हर्टर. आणि मामा द्यायचे हो पैसे, न चुकता द्यायचे, जमतील तसे थोडे थोडे, वर म्हणायचे, पॉइंट तर तुलाच मिळत्यात ना. मिळाले, खोटं कशाला बोलू, काचेच्या वाट्यांचा सेट आला पॉइंटांवर.

पण बिल येतं सगळं एकदम आणि मामांचे पैसे थोडे थोडे. मध्येच आईच्या दातांचं काम निघालं, तेही कार्डावर. मी आपली मिनिमम भरायची, म्हणजे बिलावर कमीत कमी म्हणून लिहिलेली असते तेवढीच रक्कम. मिनिमम भरलं की धन्यवादाचा मेसेज येतो, तो वाचून वाटायचं, झालं या महिन्याचं. उरलेल्यावर व्याज चढतंय हे नंतर कळलं, साधं नाही, महिन्याला साडेतीन टक्के. मामांना यातलं काहीच माहीत नव्हतं, त्यांना वाटायचं, टीव्हीची किंमत देतोय म्हणजे फिटतंय. आणि सांगणार कोण, मी?

त्यात दुसऱ्या बँकेचा फोन आला. त्यांचंही एक कार्ड माझ्याकडे पडून होतं, न वापरलेलं. ती मुलगी म्हणाली, मॅम, बॅलन्स ट्रान्सफर करा, म्हणजे तुमच्या जुन्या कार्डावरचं सगळं आम्ही भरून टाकतो, मग तुम्ही आम्हाला वर्षभर हप्त्यानं द्या, व्याज निम्म्याहून कमी. सुरुवातीला एकदाच फी आणि त्यावर जीएसटी. मी विचारलं, हप्ता चुकला तर? ती खरं तेच बोलली, चुकला तर मॅम, आमचं नेहमीचं व्याज लागेल. मी घरी एक्सेल उघडून बसले. फी, जीएसटी सगळं धरूनही बरेच वाचत होते. आईला सांगितलं, ती म्हणाली, अगं मग करून टाक की. करून टाक म्हणायला सोपं. मी दोन आठवडे नुसती त्या बँकेनं पाठवलेला मेसेज उघडायची आणि बंद करायची.

का, ते मला त्या गॅलरीत कळलं, मामीचं ऐकून. कार्डाचं लिमिट भरलेलं होतं ना, तोवर मला तोंड उघडायची गरजच नव्हती. मधे मामांनी कपाटासाठी विचारलं होतं, मी म्हटलं, लिमिट संपलंय मामा. ते म्हणाले, बरं बरं, राहू दे. किती सोपं! माझ्या वतीनं नाही म्हणायचं काम कार्ड करत होतं आणि त्याचा पगार मी व्याजानं देत होते. आता ते रिकामं झालं की त्याच्यावर फ्रिज बसणार, आणि दुसऱ्या कार्डाचा हप्ता आहेच. म्हणजे दोन्हीकडून मीच. मनात आलं, नकोच ते ट्रान्सफर, राहू दे भरलेलं. खरंच आलं मनात. मग वाटलं, ही कसली अक्कल, रोज ऑफिसात सप्लायरला ईमेल लिहिते की रेट कमी करा, आणि इथं स्वतःहून जास्तीचं भरायला निघाले.

आता म्हणाल तर सगळं मार्गी लागलंय. ट्रान्सफर केलं मी. जुनं कार्ड बंद करायला फोन लावला तर तिकडची म्हणते, ठेवा ना मॅम, लाइफटाइम फ्री आहे. म्हटलं, नको. हप्ते चालू आहेत, चार राहिलेत, एकही चुकला नाही. पूजाचा फ्रिज मामांनी नांदगावलाच घेतला, जरा लहान, रोखीनं, आणि पूजाचा तिकडून फोन येतो की दोघांना पुष्कळ होतो गं. मामी थोडे दिवस फुगली होती, लग्नात मला म्हणाली, आली का बँकवाली, पण जेवताना श्रीखंड वाढलं तिनंच, दोनदा. आणि मामा आता दुकानात गिऱ्हाइकांना सांगत बसतात म्हणे, कार्डाचं मिनिमम भरू नका रे बाबांनो, माझ्या भाचीला इचारा.

पण मामीचं ते ऐकलं, त्या संध्याकाळचं राहिलंच की. मामा मामीला न्यायला आले होते, पप्पा सेकंड शिफ्टला, आम्ही चौघं जेवायला बसलो. मामांनी भाकरी मोडली, म्हणाले, मनू, उद्या शोरूमला फ्रिज बघून ठिवू, तुला रजा नसंल तर नको येऊ, कार्ड मोकळं झालं की फक्त ओटीपी सांग फोनवर. आई ताटाकडं बघायला लागली. मी घास तसाच ताटात ठेवला. कुणी हसेल म्हणून मी वर बघितलंच नाही, आणि म्हटलं, मामा, फ्रिज कार्डावर नाही घ्यायचा, ते कार्ड मी बंद करतेय. टीव्हीचे आणि इन्व्हर्टरचे जे राहिलेत ना, त्याच्यावर व्याज लागतं, दोन वर्षं ते मी भरलं, कुणाला सांगितलं नाही. इथून पुढचं तुम्ही भरा.