क्लच प्लेटांसाठी

आखातातल्या सालमियाच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोघं उभे. एकाच्या हातात हॉटेलचं नाव लिहिलेलं हेल्मेट, दुसऱ्याच्या गळ्यात तेल कंपनीचं ओळखपत्र.

“हुसेनभाई, हेल्मेट घेऊन बसने?”

“मोटरसायकलच्या क्लच प्लेटा गेल्या ओ, राजनसाहेब! चिनी गाडी. चार वर्षं काय पळाली! पण पार्ट म्हणून मिळत नाही. ज्याने विकली, त्याने त्या दुकानात आता कपडे लावलेत.”

“दुसऱ्या गाडीच्या बसत नाहीत?”

“सगळ्या लावून बघितल्या. सूतभर फरक पडतोच. आणि हॉटेल सांभाळणारा आमचा मुदीर बोलला, शनिवारी गाडी नसेल तर डिलिव्हरीला दुसरा माणूस ठेवतो.”

“अरेरे. मग?”

“मग डोकं चालवलं! अगदी तसलीच गाडी भंगारातून उचलली, पार्ट काढायला. खोलायच्या आधी सहज एक किक मारली. साहेब, पहिल्या किकला सुरू!”

“काय सांगता!”

“असा आवाज, की बिल्डिंगमधली माणसं खिडकीत आली!”

“मग तीच चालवा की!”

“तिचे कागदच नाहीत. रस्त्यावर काढली तर पोलीस गाडीसकट मला उचलतील.”

“मग तिच्या प्लेटा काढून आपल्या गाडीला लावा.”

“पाना घेऊन दोन तास बसलो होतो तिच्यासमोर. चालू गाडी खोलायला हात धजत नाही ओ.”

“मग आता कुठे निघालात?”

“राईच्या भंगारबाजारात. तिसरी बघायला! या खेपेला विकणाऱ्याकडून आधीच वदवून घेतलंय, काही केल्या सुरू होत नाही म्हणून.”