परक्या देशाचा चंद्र

बास्सू: हद्दूभाऊ, यंत्रापासून जरा बाजूला हो. घरघरीत तुझं काही ऐकू येत नाही.

हद्दू: झालो बाजूला. बोल. आणि आधी मीच सांगतो, जिंकलास तू. तुझा चंद्र खरा, माझा खोटा. तू गावात लोण्यातल्या पोळ्या हाणतोयस आणि मी इथं साफी बंदरात मासळीचं शीतगृह राखत बसलोय. हेच ऐकायला फोन केलास ना?

बास्सू: तसं नाही भाऊ.

हद्दू: तसंच आहे. एका गावचे आपण दोघं, एकाच यंत्राचे राखणदार. एक गेला तर दुसऱ्यानं थांबायचं. सुट्टीचे दिवस मागायचे चंद्र दिसायच्या आधी. आणि दरवेळी ईद पडते ती तुझ्याच सुट्टीत! चंद्राला लाच देतोस की काय?

बास्सू: तू आखातातल्या बातम्या बघून सुट्टी मागतोस. तिकडची नोकरी सोडून किती वर्षं झाली, तरी अजून तिकडचाच चंद्र धरून चालतोस. आपला चंद्र आपल्या डोंगरावर दिसतो, बहुतेकदा एक दिवस मागून... जाऊ दे. आज हे बोलायला नको.

हद्दू: का नको? बायको असून इट्टो तर काल मी परत निघालो तेव्हा बसथांब्यावर चारचौघांत बोलली. "परक्या देशाच्या चंद्रावर घरी आलास, आता ईदच्या पोळ्यापण तिकडेच मागायला जा." सगळी बस हसली. तिला म्हणावं, पोळ्या तुझ्याबरोबर पाठव.

बास्सू: हद्दू, इट्टो गेली.

हद्दू: कुठं गेली? ईदच्या दिवशी घर सोडून?

बास्सू: वारली, भाऊ. आज सकाळी. आमच्या चुलीपुढं बसली होती. छातीत कळ आली म्हणाली. माझी बायको पाणी आणायला उठली, तेवढ्यात...

हद्दू: काल तर मला टोमणे मारत होती.

बास्सू: हो.

हद्दू: नीट बघितलं का? चक्कर आली असेल. महिनाभराच्या उपासानं तिला चक्कर येते.

बास्सू: डॉक्टर येऊन गेले, भाऊ. गावातले थोरले माझ्या शेजारी बसलेत. तुझी वाट बघायची का, विचारतायत. दुपारच्या नमाजानंतर न्यावं म्हणतात. तिचा भाऊही तोवर पोचत नाही.

हद्दू: उद्यापर्यंत ठेवा. आज बस नाही. ईदला कोण बस सोडतं? आणि हे यंत्र कुणावर टाकू? बंद पडलं तर सगळी मासळी सडेल.

बास्सू: ठेवायची आपली रीत नाही. तुला ठाऊक आहे.

हद्दू: ...न्या.

बास्सू: भाऊ?

हद्दू: न्या म्हणालो ना. माझ्या वाटचा खांदा तू दे.

(मध्ये दोन महिने गेले. मोठ्या ईदचा चंद्र काल संध्याकाळी दिसला. शीतगृहामागची चहाची जागा. मुकादमीण लल्ला तामू दारात उभी. इकडं मानानं बाईला 'लल्ला' आणि पुरुषाला 'सी' म्हणतात.)

लल्ला तामू: हे बघा, मोठ्या ईदेला तरी चंद्राचा घोळ नाही, दिवस पक्का झालाय. मला दोघांपैकी एकाचं नाव हवंय. चहा संपायच्या आत.

हद्दू: माझं टाक, लल्ला.

लल्ला तामू: तुझी सुट्टी उरलेली नाही, सी हद्दू. दोन दिवस त्या उलट्या चंद्रापायी घालवलेस, बाकीचे दुखवट्यात गेले. सुट्टी आहे ती बास्सूची. त्यानं आपली तुला दिली तर माझी ना नाही. न दिली तर मी काही करू शकत नाही. मी पुढच्या खोलीत आहे.

बास्सू: चहात साखर घेशील?

हद्दू: चहात नको. सुट्टीत गोड हो थोडा.

बास्सू: मी पोराला कबूल केलंय, भाऊ. या वर्षी मेंढ्याची दोरी तो धरणार. रोज फोनवर विचारतो, अब्बा, मेंढा घेतला का.

हद्दू: तुला पोर आहे, मेंढा आहे, दार उघडणारी बायको आहे. एक ईद सोडलीस तर काय बिघडेल?

बास्सू: आणि तुला तिथं काय करायचंय ते तरी सांग.

हद्दू: दगड बसवायचाय. तिच्या उशाशी. मी गेलो तेव्हा माती ओली होती, बसलेली नव्हती. इमाम म्हणाले, आत्ता लावलास तर कलेल. चाळिसावा इथंच यंत्रापाशी गेला माझा. अजून तिथं नुसता मातीचा उंचवटा आहे, पाऊस पडला की बाकीच्यांसारखाच दिसेल.

बास्सू: एवढंच ना? गावी माझा चुलतभाऊ आहे. त्याला सांगून उद्याच बसवून घेतो.

हद्दू: हात लावू नकोस!

बास्सू: अरे...

हद्दू: सगळं तूच करणार का? खांदा तू दिलास. माती तू टाकलीस. लोक मला येऊन सांगतात, बास्सूनं कसं सगळं निभावलं, सख्ख्या भावासारखं. मी मान हलवतो. आणि मनात येतं, हा मेला माझ्या जागी का होता?

बास्सू: तूच म्हणालास, माझ्या वाटचा खांदा दे.

हद्दू: खांदा म्हणालो. कबरीत उतर म्हणालो नव्हतो, ते घरच्याचं काम.

बास्सू: कुणी सांगितलं तुला?

हद्दू: गावात काय लपतं? उतरलास की नाही?

बास्सू: उतरलो. म्हाताऱ्यांना जमेना. इमामांनी माझ्याकडे बघितलं. तुझा जोडीदार म्हणून उतरलो, भाऊ.

हद्दू: जड होती का?

बास्सू: नाही. वाटली त्याहून हलकी.

हद्दू: कफनाची गाठ कुणी सोडली? उशाकडची.

बास्सू: हे नको विचारू.

हद्दू: कुणी?

बास्सू: मी. बोटांनी सुटेना. मग दातांनी ओढली.

हद्दू: चेहरा बघितलास?

बास्सू: नाही. मान वळवली होती. अल्लाची शपथ. हातानं चाचपून तिचा गाल मक्केकडं केला आणि वर आलो.

हद्दू: गाल तुझ्या हाताला लागला.

बास्सू: कापडावरून.

हद्दू: तेवीस वर्षांचा संसार माझा. शेवटचा हात तुझा. आणि मला काय मिळालं? बसथांब्यावरचा टोमणा.

बास्सू: त्या सकाळी ती माझ्या बायकोला काय म्हणाली, ते सांगितलं का तुला कुणी?

हद्दू: नाही. सांगू नकोस. सांग.

बास्सू: पोळ्यांचं ताट घेऊन आमच्या घरी आली. बायको म्हणाली, ईदेला नवरा नाही, वाईट वाटत असेल. तर म्हणाली, माझी ईद परवाच होऊन गेली. तो आला होता, आम्ही एकत्र रोजा सोडला. आजची ईद गावाची आहे.

हद्दू: असं म्हणाली?

बास्सू: शब्दाला शब्द.

हद्दू: मला का नाही म्हणाली? तुझ्या बायकोला म्हणाली!

बास्सू: तुझ्यासमोर म्हणाली असती तर तू वर्षभर डोक्यावर बसला असतास. तिला माहीत नव्हतास का तू?

हद्दू: ...बसलो असतो. खरंच बसलो असतो.

बास्सू: चहा निवला बघ.

हद्दू: निवू दे.

बास्सू: ऐक. तू जा. माझी सुट्टी घे.

हद्दू: दया नको.

बास्सू: दया कसली? काम सांगतोय. माझ्या घरी मेंढ्यावर सुरी कोण धरणार? पोर दोरी धरेल, सुरी नाही. माझा थोरला भाऊ परदेशात, चुलतभावाला त्याचा मेंढा आहे. तू धर. माझ्या जागी, माझ्या अंगणात, माझ्या पोरांसमोर.

हद्दू: तुझी पोरं माझ्या हातचं खातील?

बास्सू: काळीज भाजून पहिला तुकडा तुलाच देतील. धाकटी तर मांडीवरच बसेल, ती कुणाच्याही बसते. आणि मी इथं यंत्राची घरघर ऐकत फोन कानाला लावून बसेन.

हद्दू: जळशील.

बास्सू: जळेन ना. आत्ताच जळायला लागलोय.

हद्दू: बरं वाटलं ऐकून.

बास्सू: माहीत होतं मला, मेल्या.

हद्दू: पोराला काय सांगशील?

बास्सू: सांगेन, या वर्षी दोरी धरायला शिकवणारा हद्दूचाचा आहे. नीट शिकव. मागच्या वर्षी मेंढ्यानं मलाच कुंपणावर नेऊन आपटलं होतं.

हद्दू: हे इट्टोनं पाहिलं होतं. आठवडाभर हसत होती.

बास्सू: हसायचीच ती.

लल्ला तामू: झालं का तुमचं? कुणाचं नाव टाकू?

बास्सू: हद्दूचं. माझ्या सुट्टीतून.

लल्ला तामू: नक्की? मग मागाहून माझ्याकडे रडत यायचं नाही. आणि सी हद्दू, ईदेनंतर लगेच परत ये. एक दिवस जास्त झाला तर मालकाला मी काय सांगू?

हद्दू: सांग, तिच्या उशाचा दगड बसवायचा राहिलाय.